उपरण्याखालचा सौदा

या सदरातले अनुभव मी नेमाने वाचते, पण खरं सांगायचं तर करमणूक म्हणून. आमच्या गल्लीच्या टोकाला एक चिंच आहे, तिच्याखालून दिवस मावळल्यावर कोणी जात नाही. त्याच झाडाच्या चिंचा मी दर वर्षी पाडून घेते, फोडते आणि वर्षभर आमटीत घालते. आजवर कोणाला काही झालेलं नाही. शेजारी कोणाच्या अंगात आलं की मी आधी तिला पाणी पाजते आणि विचारते, सकाळपासून काही खाल्लंस का... बहुतेक वेळा खाल्लेलं नसतं. तर मी अशी बाई आहे. म्हणून हे लिहायला इतकी वर्षं लागली. आणि लिहितेय तेही कोणाला पटवायला नाही.

मी नांदूरघाटला राहते, केज तालुक्यात. माझे सासरे भुसार मालाचे अडते होते. घरातले आणि गावातले सगळेच त्यांना आप्पा म्हणायचे, मीही. केजच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, त्यांची अर्धी हयात गेली. तेव्हा उघडा लिलाव आला नव्हता. घेणारा आणि विकणारा हातात हात घ्यायचे, वरून रुमाल किंवा उपरणं टाकायचे आणि भाव बोटांनी ठरायचा. इतकी बोटं दाबली की इतके, मधलं पेर दाबलं की अर्धा. भोवती माणसं उभी, पण आत काय चाललंय ते त्या दोघांनाच ठाऊक. आणि एक नियम सगळा मोंढा पाळायचा – सौदा चालू असताना रुमाल उचलायचा नाही. बापाने मुलाचासुद्धा नाही.

पुढे आप्पांना काचबिंदू झाला आणि नजर पूर्ण गेली. दुकान बंद झालं. त्या दुकानाच्या पुढच्या भागात मी आधी टायपिंगची मशीनं मांडली आणि नंतर एक कॉम्प्युटर आणि प्रिंटर घेतला. तेव्हा गावोगाव कॉम्प्युटर क्लासचे बोर्ड लागत होते, मीही लावला. आप्पा मागच्या भागात पोत्यांच्या थप्पीला टेकून बसत. हात रिकामा राहिला की त्यांना करमत नसे, म्हणून क्लासमधला वाया गेलेला कागद मी त्यांना द्यायची. ते त्याचे पुडे करून ठेवायचे. शेजारचा किराणावाला ते घेऊन जायचा आणि म्हणायचा, “आप्पांचा पुडा फाटत न्हाई, माल संपला तरी.”

माझी धाकटी नणंद गिरिजा पुण्याला एका संशोधन संस्थेत पीएच.डी. करत होती. विषय काय म्हणून कोणी विचारलं की आमचे घरचे ‘ग्रहताऱ्यांचं काहीतरी’ सांगायचे, आणि समोरचा लगेच आपली पत्रिका काढायचा. मला तिने नीट समजावून सांगितलं होतं. ती तारे बघत नव्हती, कॉम्प्युटरमध्ये विश्व घडवत होती. एक मोठी चौकोनी पेटी समजा. तिच्यात ठिपके, जवळजवळ सारखे पसरलेले... जवळजवळ. कुठे किंचित दाट, कुठे किंचित विरळ. मग गुरुत्वाकर्षणाचा नियम लावून काळ पुढे न्यायचा. दाट असतं ते आणखी दाट होत जातं, विरळ असतं ते ओस पडतं. शेवटी पेटीत लांबच लांब धागे दिसतात, धागे मिळतात तिथे गाठी, आणि मधे प्रचंड पोकळ्या. खरं आकाशही असंच आहे म्हणे, आकाशगंगांचं. तिचं काम होतं कुठले ठिपके मिळून एक धागा होतो ते ओळखायचं.

“ओळखायचं कसं?” मी विचारलं होतं.

“एक अंतर ठरवायचं, वहिनी. दोन ठिपके त्याहून जवळ असले की ते एकमेकांचे. मग त्याचा शेजारी, त्याच्या शेजाऱ्याचा शेजारी... असं जोडत जायचं.”

“म्हणजे भावकीच की. पण अंतर जरा सैल धरलंस तर सगळा केज तालुका एका भावकीत येईल.”

ती हसली नाही. “सर हेच म्हणतात,” ती म्हणाली.

हे बोलणं झालं सत्त्याण्णवच्या उन्हाळ्यात. ती सामान घेऊनच घरी आली होती. तिच्या पेटीत तिला एक फार लांब धागा सापडला होता, इतका लांब कोणी दाखवला नव्हता. पण तो मधे तुटायचा. अंतर घट्ट धरलं की दोन तुकडे, सैल धरलं की सगळंच एकात एक. तिचे सर म्हणत, हे दोन साधे धागे आहेत, तू जबरदस्तीने जोडतेस. खरं काय ते कळायला पेटीचा एखादा छोटा भाग जास्त बारीक ठिपके घालून पुन्हा चालवावा लागणार होता. तेवढा मोठा कॉम्प्युटर दुसऱ्या शहरात होता आणि तिला तिथे एकदाच पाळी मिळणार होती. कुठला भाग चालवायचा ते आधी कळवायचं. जागा चुकली की संपलं. सगळ्या वर्षांच्या कामावर पाणी. आणि दुसरीकडे एका सॉफ्टवेअर कंपनीने तिला नोकरी देऊ केली होती. सुट्टीवरून गेली की होकार द्यायचा होता.

“दे होकार,” माझा नवरा शिवराज म्हणाला. “हितं लोकाला कॉम्प्युटर कुठं सापडंना, आन् तू त्याच्यात आभाळ हुडकाया लागलीस.”

तिने मनाने दिलाच होता. तरी जाता जाता एकदा बघावं म्हणून तिने फ्लॉपीवर आणलेले पेटीचे काप माझ्या प्रिंटरवर छापायला घेतले. काप म्हणजे भाकरीसारखा पातळ थर, एका कागदावर एक. आता आमच्याकडे रिबन वाळली की नवी आणत नव्हतो, शिक्क्याची शाई घालून पुन्हा वापरायचो. तेव्हा सगळेच करायचे. त्या दिवशी शाई धरली नाही. प्रिंटरच्या पिना कागदावर आदळत राहिल्या, टोचे पडले, पण कागद कोरे निघाले. गिरिजाने ते बाजूला टाकले. मी उचलले आणि नेहमीप्रमाणे आप्पांच्या पुढ्यात ठेवले.

भर दुपार होती. वीज गेलेली, पंखा बंद. वारा अजिबात नव्हता, दारातला पोत्याचा पडदासुद्धा हलत नव्हता. मी हिशोबाला बसले होते. आप्पांनी हाक मारली.

“सूनबाई, ह्यो कागद पुड्याचा न्हाई.”

“रद्दीच आहे आप्पा. छपाई उठली नाही.”

“डोळ्याला उठली नसंल. हाताला लागतीया की. कुनाचा हाय?”

“गिरिजाचा.”

“मग बोलीव तिला.”

गिरिजा आली. “राहू द्या आप्पा. ते मी सोडून देतेय.”

“सोड की. सोडायच्या आधी माल तरी बघू दे.”

ती खाली बसली. कागद पाटावर ठेवून तिने त्यांचं बोट धरलं. हा एक धागा, असा आला आणि इथे थांबला. हा दुसरा, इथून निघाला. सर म्हणतात दोन, मी म्हणते एक. मधल्या मोकळ्या जागेत आप्पांचं बोट बराच वेळ फिरलं.

“हितं कायच न्हाई,” ते म्हणाले. “तुजं सर बराबर हायेत.”

गिरिजाने मान खाली घातली. मला वाटलं, बरं झालं, एकदाचा निकाल लागला. पण आप्पांनी कागदावरचा हात काढला नाही. मला म्हणाले, “सूनबाई, एक पोतं घडी करून हेच्या खाली दे. आन् दाभण दे.”

दाभण म्हणजे पोती शिवायची मोठी सुई. मी दिली. आप्पांनी खांद्यावरचं उपरणं काढलं, उजव्या हातावर आणि कागदावर टाकलं, आणि डाव्या हातात दाभण धरली. सवय असेल, असं मी मनात म्हटलं. उपरण्याखाली उजवा हात सरकायचा, थांबायचा. मग डावा हात उपरण्याबाहेरून, त्याच्या मागून येऊन दाभणीने एक भोक पाडायचा. पहिल्या धाग्याच्या बाहेरच्या टोकापासून त्यांनी सुरुवात केली आणि मधल्या मोकळ्या जागेकडे न जाता उलट बाजूला, कागदाच्या उजव्या कडेकडे निघाले. तिथे एकही टोचा नव्हता. मी नंतर स्वतः हात फिरवून बघितलं.

“हां,” आप्पा म्हणाले. मग, “हां... फुडं.” मग थांबले. कपाळावरची विभूती घामाने ओली झाली होती. “तिकडं कावून?” त्यांनी विचारलं, आणि ते आम्हाला विचारत नव्हते. थोड्या वेळाने “बरं” म्हणाले आणि दाभण खालच्या अंगाला वळवली.

आता जे सांगते ते मी कमी करून सांगतेय, वाढवून नाही. उपरण्याखाली एक हात असला की कापड कसं बसतं आणि दोन हात असले की कसं, हे मला सांगावं लागत नाही. माझं माहेर युसूफ वडगावचं, वडीलही अडतेच. लहानपणी त्यांच्या मागे उभं राहून मी असे कितीतरी सौदे बघितलेत. त्या दुपारी उपरणं दोन हातांवर बसलेलं होतं. आप्पांच्या मनगटापलीकडे कापड उचललेलं होतं आणि अधूनमधून तिथे ते आवळत होतं, बोट दाबल्यावर आवळतं तसं. पलीकडे कोणी बसलेलं नव्हतं. पलीकडे भिंत होती आणि तुरीची दोन पोती.

मी गिरिजाकडे बघितलं. तीही तिथेच बघत होती. हात लांब केला असता तर उपरण्याचं टोक सापडलं असतं... इतक्या जवळ होते मी.

“हितं गाठ हाय,” आप्पा म्हणाले. “बारीक हाय, पर हाय.” आणि त्यांनी तिथे एकमेकांना लागून तीन भोकं पाडली. मग पुढे सरकत दाभण कागदाच्या कडेला आली.

“आप्पा, कागद संपला तिथे,” गिरिजा म्हणाली.

“कागद संपला. माल संपला न्हाई.”

त्यांनी उपरण्यासकट हात उचलला, कागदाच्या डाव्या कडेला आणला, कडेवरून चाचपत तितक्याच उंचीवर थांबवला, आणि तिथून आत टोचायला लागले. टोचत टोचत थेट दुसऱ्या धाग्याच्या बाहेरच्या टोकाला जाऊन भिडले.

गिरिजा उठून उभी राहिली. “वहिनी, तुम्ही यांना सांगितलंत?”

“काय?”

“पेटीला भिंत नसते ते.”

मला हे तोवर माहीतच नव्हतं. तिने मग सांगितलं. विश्वाला कड धरता येत नाही आणि कॉम्प्युटरमध्ये तर पेटी मोजकीच लागते, म्हणून तिथे नियमच तसा करतात की उजवीकडून जे बाहेर जाईल ते डावीकडून, त्याच उंचीवर, आत येईल. तिच्यासारखं काम करणारे सोडले तर हे कोणी कोणाला सांगत नाही. तिनेही घरात कधी सांगितलं नव्हतं. मधली फट इतकी समोर दिसत होती की ती सगळी वर्षं तिथेच जोड शोधत बसली होती. मागच्या बाजूने, कडेवरून, दोन्हीकडे नुसती पोकळी होती म्हणून तिने तिकडे बघितलंच नव्हतं.

आप्पांनी अजून एक फाटा टोचला. गाठीपासून वर, मोकळ्या जागेत, थोडाच. मग हात थांबला. “ह्यो फाटा वर गेलाया. फुडचं मला न्हाई सांगितलं,” ते म्हणाले, आणि उपरणं झटकून खांद्यावर टाकलं. खाली त्यांचाच एक हात होता.

माझं डोकं तेव्हाही जागेवर होतं. गिरिजाजवळ आणखी एक कोरा निघालेला कागद होता – तितकेच ठिपके, पण मुद्दाम विस्कटलेले, ज्यांच्यात धागा नाहीच असा. तसे कागद ते लोक स्वतःची फसगत होऊ नये म्हणून ठेवतात. मी काही न सांगता तो आप्पांच्या पुढ्यात सरकवला. त्यांनी उपरणं टाकलं, क्षणभर हात ठेवला आणि काढून घेतला.

“हे पोतं फाटून सांडलेलं हाय. हेच्यात कोन न्हाई.”

आणि त्यांनी त्याचा पुडा करायला घेतला.

संध्याकाळी शिवराजला सांगितलं तर तो हसला. मग आप्पांजवळ जाऊन बसला. “आप्पा, सौदा कुनासंगं केलासा?”

आप्पा जेवत होते. घास संपवून म्हणाले, “हात वळखीचा न्हवता.”

“मग त्याचं ऐकलं कावून?”

“वळखीचे लई हात खोटं बोलले बाबा. ह्यो न्हाई बोलला.” आणि ताक मागितलं. तो विषय त्यांनी पुन्हा कधी काढला नाही.

गिरिजा पुण्याला गेली ती तो कागद घेऊनच. निघताना मी तिला एवढंच म्हटलं की नोकरी हातची जाईल. ती म्हणाली, “जाऊ दे.” तिने कंपनीला नकार कळवला, आणि मोठ्या कॉम्प्युटरवर तिचा नंबर आला तेव्हा पेटीचा मधला भाग न देता कडेचा भाग चालवायला दिला – आप्पांनी टोचलेला.

“सरांना काय सांगितलंस?” मी फोनवर विचारलं.

“म्हटलं, डोळ्याला तिथे काहीतरी असल्यासारखं वाटलं.”

“कोणाच्या डोळ्याला?”

“ते त्यांनी विचारलं नाही.”

थंडीत आप्पा गेले. फार आजारी नव्हते. दोन-चार दिवस पडून होते, अंगावर शाल, आणि शालीखाली उजवा हात अधूनमधून हलायचा. गिरिजा आली होती, पण निकाल तिच्या हातात नव्हता. ती त्यांच्या कानाशी म्हणाली, “आप्पा, अजून कळलं नाही हो.” आप्पा म्हणाले, “तुला न्हाई कळलं.” नंतर ते बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी आमच्या शिवारात, विहिरीजवळ, आमच्या रिवाजाप्रमाणे बसवून त्यांना समाधी दिली.

निकाल आला तो त्यानंतर. गिरिजाने फोनवर काही सांगितलं नाही, स्वतः आली. सकाळची वेळ होती. तिच्या हातात दोन कागद होते. एक आप्पांचा, एक नवीन, चांगल्या शाईत, त्याच मापात छापलेला. दुकानाच्या खिडकीला काच आहे. तिने नवीन कागद काचेला धरला आणि म्हणाली, “तुम्ही लावा, वहिनी. मी लावला तर मी सरकवीन.”

मी आप्पांचा कागद त्याच्यावर ठेवला, चारी कोपरे जुळवले. भोकांतून उजेड येत होता आणि वरचा फाटा सोडला तर प्रत्येक भोकाखाली शाई होती. बारीक, फिकट, पण सलग. कडेकडे जाणारी, खाली वळणारी. जिथे आप्पांनी तीन भोकं पाडली होती तिथे एक छोटी गाठ. कागदाच्या कडेला बाहेर गेलेली आणि दुसऱ्या कडेने आत आलेली. मी कागद काढला, उलटा करून लावला, तेव्हा काहीच जुळलं नाही. पुन्हा सुलट लावला. जुळलं.

धागा एकच होता. गिरिजाला पदवी मिळाली. तिच्या प्रबंधात आप्पांचं नाव आभारात आहे, वडील म्हणून.

मी शक्य तितके खुलासे शोधले. आधीच्या कुठल्या छपाईचे टोचे असतील? कागद नवा होता, गठ्ठा मीच फोडला होता. आप्पांनी गिरिजाचं बोलणं ऐकलं असेल? ज्या भागातले बारीक ठिपके तेव्हा तिच्याही कॉम्प्युटरमध्ये नव्हते, त्याबद्दल ती काय बोलणार? नुसता योगायोग? एक वळण योगायोगाने जुळेल. वळण, गाठ, कड आणि कडेपलीकडचं... मला हिशोब येतो, म्हणूनच तो मला बसत नाही. उपरण्याचं म्हणाल तर ते मी सोडून द्यायला तयार आहे. दुपार होती, उकाडा होता, दिसलं असेल काहीतरी. पण कागद उपरण्यासारखा नाही. तो आजही आहे.

आणि त्या कागदावर तो वरचा फाटा आहे, गाठीपासून निघून मोकळ्यात गेलेला. तो भाग तेव्हा चालवलेला नव्हता. आता गिरिजाजवळ तिच्या स्वतःच्या कामासाठी तसा कॉम्प्युटर आहे, मनात आणलं तर ती कधीही बघू शकते. दिवाळीला आली होती तेव्हा मी विचारलं, अजून का बघितलं नाहीस.

ती म्हणाली, “वहिनी, रुमाल कोणी उचलतं का?”

मला ते पटलं नाही. सौदा करणारा गेला, आता कसला रुमाल? मी तिच्या जागी असते तर कधीच बघून मोकळी झाले असते, असं मी तिला सांगितलंही.

पण मग आठवलं, त्या दुपारी उपरण्याचं टोक माझ्या हाताशी होतं.